सगळ्यांनी सिगारेट सोडली तर किती आजार टळतील, हे कसं काढतात?

तुमचा प्रश्न असा: सिगारेट ओढणाऱ्यांतलं आणि न ओढणाऱ्यांतलं आजाराचं प्रमाण हाताशी असताना, सगळ्यांनी सोडली तर किती आजार टळतील हे थेट का काढता येत नाही? माझं रोजचं काम याच आकडेमोडीचं आहे. हिशेबच करून दाखवतो.

समजा १००० माणसं आहेत, निम्मी तरुण, निम्मी वयस्क. तरुणांतले १०० ओढतात, त्यातले ४ आजारी पडले. न ओढणाऱ्या ४०० पैकी ८. वयस्कांतले ३०० ओढतात, त्यातले ६० आजारी. न ओढणाऱ्या २०० पैकी २०. (आकडे मीच घेतलेत, सोपे जावेत म्हणून.) एकूण आजारी ९२.

वय विसरलात तर न ओढणाऱ्या ६०० पैकी २८ आजारी, म्हणजे हजारी ४७. ९२ मधून ४७ गेले, ४५ आजार टळले! पण न ओढणाऱ्यांत भरणा तरुणांचा आहे. म्हणून वयोगट जसेच्या तसे ठेवून मांडा: ५०० तरुणांचे २ टक्के १०, ५०० वयस्कांचे १० टक्के ५०. एकूण ६०. टळले फक्त ३२. बाकीच्या १३ चं श्रेय वयाचं होतं.

याला प्रमाणीकरण म्हणतात. काळानुसार बदलत जाणाऱ्या सवयी आणि उपचारांसाठी जेम्स रॉबिन्स यांनी १९८६ मध्ये याचंच व्यापक रूप मांडलं, ते जी-फॉर्म्युला.

पुस्तकांत बहुधा 'सगळे ओढतात' (१२०) आणि 'कोणीच ओढत नाही' (६०) यांतला फरक शिकवतात. पण सगळ्यांना ओढायला कोण लावणार आहे? धोरणाला हवा असतो आजची स्थिती आणि उपायानंतरची स्थिती यांतला फरक. प्रत्येक वयोगटातल्या निम्म्यांनीच सोडली, तर टळतात १६. मी अहवालात हा आकडा आधी लिहितो. त्यातही सोडणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याइतका खाली येतो हे गृहीत धरलंय, आणि प्रत्यक्षात त्याला वर्षं लागतात.

शिवाय ज्या घटकाची नोंदच नाही, त्याचा प्रभाव या पद्धतीने वेगळा काढता येत नाही. आणि कायदा सगळ्यांना एकदमच लागू झाला तर तुलनेला माणसंच उरत नाहीत. कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये तंबाखूवरचा कर वाढवायचं ठरवलं, तेव्हा हीच अडचण होती. अबादी, डायमंड आणि हाइनम्युलर यांनी २०१० च्या अभ्यासात इतर राज्यांचं वजनांकित मिश्रण करून 'करवाढ न झालेलं कॅलिफोर्निया' उभं केलं. त्याच्याशी ताडून पाहिलं, तर २००० सालापर्यंत खऱ्या कॅलिफोर्नियातली वार्षिक विक्री माणशी सुमारे २६ पाकिटांनी कमी निघाली.