मैदानावरचे प्रश्न : एकाच कॉलेजात तीस वर्षं कोच राहायचं तर

प्रश्न : मी नुकताच एका ग्रामीण कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून रुजू झालो. अमेरिकेत कॉलेजच्या आइस हॉकीचा एक कोच पन्नास वर्षं कोचच राहिला आणि त्याच्या नावावर हजाराहून जास्त विजय आहेत, असं वाचनात आलं. खेळाडू तर तीन-चार वर्षांत निघून जातात. मग संघ टिकतो कसा? आपल्याकडे हे जमेल काय?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : सर, तुम्ही वाचलं ते जेरी यॉर्क यांच्याबद्दल असणार. 1972 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते क्लार्कसन विद्यापीठाचे मुख्य कोच झाले. 1979 ते 1994 बोलिंग ग्रीन विद्यापीठ आणि त्यानंतर 2022 पर्यंत बोस्टन कॉलेज, असा त्यांचा प्रवास. एकूण 1,123 विजय, 681 पराभव, 127 बरोबरी. राष्ट्रीय विजेतेपदं पाच : 1984 चं बोलिंग ग्रीनसोबत आणि 2001, 2008, 2010, 2012 ची बोस्टन कॉलेजसोबत.

विजयांच्या आकड्यापेक्षा बोस्टन कॉलेजमधली त्यांची पहिली तीन वर्षं नीट पाहा. या तिन्ही हंगामांत संघ जिंकला कमी आणि हरला जास्त. चौथ्या वर्षी, 1998 मध्ये, तोच संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला आणि जादा वेळेत मिशिगनकडून हरला. तिथे खेळाडू साधारण चार वर्षं खेळतो. म्हणजे नव्या कोचनं स्वतः निवडलेली पोरं सगळ्या वर्गांत भरायलाच चार वर्षं लागतात. कॉलेजनं तेवढी मुदत दिली, म्हणून पुढची वर्षं उभी राहिली. तुमच्या प्राचार्यांशी पहिल्याच वर्षी यावर बोला. आपल्याकडे पदवी तीन वर्षांची धरली, तर तुमच्या कामाचा खरा निकाल चौथ्या हंगामात दिसेल.

आता संघ टिकतो कसा, ते. वर्गवार समतोल हेच त्याचं उत्तर. कबड्डीत स्पर्धेला 12 जण जातात, पण सरावाच्या यादीत 20 ठेवा : प्रथम वर्षाचे 8, द्वितीयचे 7, तृतीयचे 5. बहुतेक कॉलेजांत उलटं होतं. एखादी चांगली तुकडी मिळते, सर तिच्यावरच तीन वर्षं काढतात. मग एका जूनमध्ये आठ जण एकदम पदवी घेऊन जातात आणि पुढची दोन वर्षं संघ पहिल्या फेरीतच बाहेर. प्रथम वर्षाच्या किमान दोन पोरांना दर सामन्यात थोडा वेळ तरी मॅटवर उतरवा, सामना जड असला तरी.

कोचची जागाही आपल्याच माणसाकडे गेली, तर घडी मोडत नाही. यॉर्क स्वतः क्लार्कसनला आधी सहायक होते, मुख्य कोच दुसरीकडे गेल्यावर ती जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांच्यानंतर बोस्टन कॉलेजचा संघ ग्रेग ब्राउन यांनी घेतला, तेही पूर्वी तिथेच 14 वर्षं सहायक होते. आपल्याकडे सहायकाचं पद मंजूर नसतं. त्यामुळे गावात राहिलेला, शेती करणारा जुना खेळाडू हाताशी धरा. त्याला सकाळचा सराव सोपवा, मानधन जिमखान्याच्या निधीतून रीतसर मंजूर करून घ्या.

एक फरक मात्र डोक्यात ठेवा. तिथला कोच एकाच खेळाचा असतो, त्याच्या हाताखाली पगारी सहायक असतात. तुमच्याकडे सगळे खेळ, वर सभा, समित्या, प्रवेशाची कामं. म्हणून दोनच खेळ मुख्य धरा, बाकीच्यांत भाग घ्या. दहा खेळांत बरोबरीनं धावणारा क्रीडा संचालक पाचव्या वर्षी थकलेला दिसतो.

प्रश्न : आमची कबड्डीची पोरं ऑगस्टमध्ये मस्त खेळतात. सप्टेंबर संपत आला की सवंगणी (पिकाची कापणी), मग कापूस वेचणी. सरावाला चार जण. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नेमकी त्याच काळात. काय करावं?
— क्रीडा शिक्षक, मानोरा (जि. वाशीम)

उत्तर : पोरं शेतात जाणारच, घर त्यावर चालतं. त्यांना दंड करणारा कोच पोरं गमावतो. आराखडाच पिकांप्रमाणे बसवा. जून-जुलैमध्ये, पेरणीचे दिवस सोडून, ताकदीचं काम उरकून घ्या : बैठका, लंजेस, दोर चढणं, जोडीदाराला पाठीवर घेऊन चालणं, आठवड्याला तीन दिवस. ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर कौशल्याला : चेन, घोट्याची पकड, ब्लॉक, बोनस. सवंगणी सुरू झाली की सराव आठवड्यातून तीनच दिवस, पहाटे साडेपाच ते पावणेसात. त्या वेळेला दंव असतं, वेचणी तशीही उशिरा सुरू होते. कमावलेली ताकद आठवड्यातल्या दोन चांगल्या सत्रांवर पाच-सहा आठवडे टिकून राहते.

लांब पळवणं थांबवा. कबड्डीची चढाई 30 सेकंदांची. रोज दहा किलोमीटर पळणारा पोरगा दमदार होतो, पण चढाईत मंद पडतो. 30 सेकंद पूर्ण जोर, 75 ते 90 सेकंद हलकं चालणं, असं आठ वेळा. मग पाच मिनिटं विश्रांती आणि परत आठ वेळा. आइस हॉकीचे कोचही याच हिशेबानं चालतात : तिथे खेळाडू बर्फावर साधारण 45 सेकंद राहतो आणि लगेच बदलला जातो, कारण त्यापुढे पायांतला वेग जातो.

वेचणी करून आलेल्या पोराची कंबर आखडलेली असते. त्याला थेट पकडीच्या सरावात घेतलं तर स्नायू ताणला जाणार. दहा मिनिटं नितंब आणि मांडीमागचे स्नायू मोकळे करून घ्या, मगच पकड. गुडघ्याच्या बऱ्याच दुखापती उडी मारून एका पायावर वाकडं उतरल्यानं होतात. दोन्ही पायांवर, गुडघे बोटांच्या रेषेत ठेवून उतरण्याचा सराव प्रत्येक सत्रात दहा वेळा करून घ्या.

एप्रिल-मेमध्ये शिबिर घ्यायचं असेल तर सकाळी सात वाजता मैदान रिकामं झालंच पाहिजे. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी हवं, त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस. चक्कर, मळमळ, बरळणं यांतलं काहीही दिसलं तर पोराला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्याची गाडी बोलवा. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : काळ्या मातीत कबड्डीचं मैदान करता येईल का? पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा.
— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की फाटते. वर कितीही बारीक माती टाकली तरी खालची भेग वर येतेच. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर. चारी बाजूंना दोन मीटर धरून 17 बाय 14 मीटर जागा आखा. तेवढी काळी माती 30 सेंटीमीटर खणून बाहेर काढा. खाली 20 सेंटीमीटर मुरूम, दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनं दाबलेला. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून हिशेबानं येणाऱ्या सतरा ब्रासऐवजी 21 ब्रास मागवा. त्यावर चाळलेली लाल किंवा पांढरी माती, 8 ते 10 सेंटीमीटर, ही आखलेल्या मैदानापुरतीच टाकली तरी साडेचार-पाच ब्रास लागते. मध्यापासून दोन्ही बाजूंना 100 ला 1 असा उतार द्या आणि कडेनं चर काढा. चर नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात बाजूचं काळं पाणी मुरमात शिरतं आणि सगळा खर्च वाया जातो.

नदीची जाड वाळू वरच्या थरात नको. कोपर-गुडघे सोलतात आणि पोरं पकडीत झोकून द्यायला घाबरतात.

प्रश्न : माझी मुलगी विद्यापीठाकडून खो-खो खेळली. तिला कॉलेजात कोच व्हायचंय. काय शिकवू?
— एक आई, धारणी (जि. अमरावती)

उत्तर : ताई, वाटा दोन आहेत. कॉलेजातल्या कायम पदाला शारीरिक शिक्षण संचालक म्हणतात. त्यासाठी पदवीनंतर दोन वर्षांचं बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी), दोन वर्षांचं एमपीएड (त्यातलीच पदव्युत्तर पदवी) किमान 55 टक्क्यांनी, आणि शारीरिक शिक्षण विषयात नेट किंवा सेट या पात्रता परीक्षांपैकी एक. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या नियमांत शारीरिक क्षमतेची चाचणीही आहे : तिशीच्या आतल्या महिलांना 8 मिनिटांत 1,000 मीटर. विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र इथे कामाला येतं, त्याची मूळ प्रत जपून ठेवा. बीपीएडसाठी अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ धारणीहून सगळ्यात सोयीचं. ही संस्था 1914 पासून आहे.

फक्त प्रशिक्षकच व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्था) प्रशिक्षणाची पदविका, किंवा आधी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. सहा आठवड्यांवर कॉलेजचं कायम पद मिळत नाही, हे फी भरण्याआधी तिला स्पष्ट सांगा. माझा सल्ला : बीपीएड आधी, पदविका नंतर. जागा निघायला वर्षं लागतात, तोवर शाळेत काम मिळतं आणि मैदान सुटत नाही.

आणि दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का, ते आत्ताच तपासा. मेळघाटातल्या पोरींची नावं शाळेत एक आणि आधारवर दुसरी असतात. दुरुस्तीला महिने जातात, अर्जाची मुदत मात्र काही दिवसांचीच असते.