जुनं आउटबोर्ड इंजिन चालू करताना

दादा, होडीच्या मागे लावायचं हे इंजिन वर्षानुवर्षं पडून असेल तर लगेच दोरी ओढत बसू नका. स्पार्क प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल सोडा, फ्लायव्हील (वरचं जड चाक) हाताने हळूहळू फिरवून बघा. फिरलं तर इंजिनात जीव आहे. प्लगला ठिणगी पडत नसेल तर महागडी कॉइल घेण्याआधी किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर सोडवून पुन्हा बघा. जुनं पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटरचे जेट साफ करा.

सगळ्यात महत्त्वाचा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप. त्यातल्या इम्पेलरचं (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचं) रबर पडून पडून कडक होतं, पाती वाकलेलीच राहतात. दिसायला बरा असला तरी नवाच घाला. इंजिनाचा पाय (पंख्याकडचा खालचा भाग) पाण्याच्या पिंपात बुडवल्याशिवाय इंजिन चालू करू नका; मागून पाण्याची धार आली नाही तर लगेच बंद. गिअर ऑइल दुधासारखं निघालं तर त्यात पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलंय.

रंगाचं शेवटी बघा. (लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात!)