नव्या शहरात बिऱ्हाड हलवताना राहायचा भाग कसा निवडावा?

प्रश्न: नोकरीमुळे तीन महिन्यांत नव्या शहरात जायचं आहे. आम्ही दोघं नोकरी करणारे, ६ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि ७४ वर्षांचे वडील. तिथे ओळखीचं कुणी नाही. कोणत्या भागात घर घ्यायचं हे ठरवायचं तरी कसं?

उत्तर: घरातल्या ज्या माणसाचे पाय सर्वांत कमी लांब पोचतात, त्याच्यापासून सुरुवात करा. तुमच्याकडे ते वडील आणि धाकटं मूल. नोकरी करणारी माणसं लांबूनही कामावर पोचतात, थकतात पण पोचतात. वडील आणि सहा वर्षांचं मूल मात्र जिथवर पायी जाऊ शकतात, तेवढंच त्यांचं शहर. बहुतेक लोक ऑफिसभोवती वर्तुळ काढून त्यात घर शोधतात. मी उलट सांगेन: ऑफिसच्या प्रवासाला कमाल मर्यादा घाला आणि त्या मर्यादेच्या आत भाग मात्र या दोघांसाठी निवडा.

आधी मर्यादा. दोन्ही ऑफिसांपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये बघू नका, दारापासून दारापर्यंतची मिनिटं मोजा. नकाशाच्या ॲपमध्ये ‘अमुक वाजता पोचायचं’ असा पर्याय असतो. तिथे मंगळवार किंवा बुधवार आणि ऑफिसची खरी वेळ टाका. उत्तर ‘३५ ते ६५ मिनिटं’ अशा धर्तीवर येतं. त्यातला मोठा आकडा धरा, कारण वेळेवर पोचायचं तर रोज तेवढं आधी निघावंच लागतं. त्यात लिफ्ट, पार्किंग, स्टॉपपर्यंतचं चालणं यांची १० ते १५ मिनिटं मिळवा. एका बाजूला २० मिनिटं जास्त लागली, तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ८८० मिनिटं होतात, म्हणजे जवळजवळ १५ तास. ते झोपेतून नाहीतर मुलांच्या वाट्यातून जातात. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तपशील घेतला होता. कोणत्या कामात मन किती रमलं, या यादीत सकाळचा कामावर जायचा प्रवास तळाला होता. एक खोली जास्त मिळते म्हणून लांब जाताना हा हिशोब मागे पडतो. माझ्या मते एका बाजूला ४५ मिनिटांच्या वर जाऊ नये, आणि दोघांपैकी निदान एकजण ३० मिनिटांत शाळेच्या दारात पोचू शकला पाहिजे.

बस किंवा ट्रेनवर विसंबून राहणार असाल तर फक्त गर्दीच्या वेळचं वेळापत्रक बघू नका. दुपारी २ वाजता आणि रात्री ९ नंतर तासाला किती गाड्या आहेत ते बघा. अर्ध्या तासाला एक गाडी आणि वाटेत एकदा बदलायची असेल, तर पहिली गाडी पाच मिनिटं उशिरा आली की तुम्ही अर्धा तास मागे पडता. भागातून बाहेर पडायला एकच पूल किंवा एकच फाटक आहे का, हेही पाहा. असेल तर तो बंद असताना पर्यायी रस्त्याने किती वेळ लागतो ते आधीच काढून ठेवा.

शाळेचं काम घराच्या आधी. बऱ्याच ठिकाणी प्रवेश पत्त्यावरून ठरतो आणि हद्दीची रेषा रस्त्याच्या मधूनही जाते. समोरासमोरच्या दोन इमारतींना दोन वेगळ्या शाळा लागू शकतात. त्यामुळे ‘त्या भागातल्या मुलांना ही शाळा मिळते’ या दलालाच्या वाक्यावर जाऊ नका. घर क्रमांकासह पूर्ण पत्ता देऊन शाळेला लेखी विचारा: हा पत्ता तुमच्या हद्दीत येतो का, आणि या दोन इयत्तांमध्ये आज जागा आहे का? एका मुलाला जागा मिळते आणि दुसऱ्याला नाही, हे वर्षाच्या मध्ये जाणाऱ्यांच्या बाबतीत नेहमी होतं, मग दोन मुलं दोन दिशांना. निकालाच्या क्रमवारीला फार किंमत देऊ नका. त्यातून शाळेत कोणत्या घरांतली मुलं येतात हे जास्त कळतं, शिकवणं कसं आहे हे कमी. एका वर्गात मुलं किती, गेल्या वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले, वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला मागचा अभ्यास कोण भरून देतं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना मुख्याध्यापक अडखळतात की सहज सांगतात, त्यावरूनही बरंच समजतं.

थोरल्याच्या वयाकडे खास लक्ष द्या. अमेरिकेत १९९० च्या दशकात गरीब वस्त्यांमधल्या काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून चांगल्या भागात राहायला जाण्यासाठी मदत दिली गेली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स काट्झ या अर्थतज्ज्ञांनी पुढे त्या मुलांची कमाई तपासली. १३ वर्षांच्या आत हललेल्यांची विशीतली कमाई ती मदत न मिळालेल्या घरांतल्या मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त होती, पण मोठं झाल्यावर हललेल्यांना फायदा झाला नाही, किंचित तोटाच दिसला. ती कुटुंबं अतिशय गरीब होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण इतकं नक्की घेता येतं की भाग जेवढा लवकर मिळतो आणि मूल तिथे जेवढी जास्त वर्षं राहतं, तेवढा तो अंगी लागतो. म्हणून ‘आधी कुठेतरी राहू, दोन-तीन वर्षांनी चांगल्या भागात जाऊ’ हा बेत अकरा वर्षांच्या मुलाला महागात पडतो. त्याची शाळा आणि मित्र दोनदा तुटतात, तेही नको त्या वयात.

आता चालणं. मोठं माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतं. वृद्ध माणूस किंवा लहान मूल ५० ते ६०. म्हणजे त्यांची १० मिनिटं म्हणजे ५०० ते ६०० मीटर. घरापासून एवढ्या टप्प्यात शाळा किंवा शाळेच्या बसचा थांबा, बसायला बाक असलेली मोकळी जागा, औषधाचं दुकान आणि रोजचं किराणा-भाजीचं सामान मिळालं पाहिजे. नकाशावर हे सगळं जवळ दिसतं, पण मध्ये एक मोठा रस्ता असला की संपलं. तिथे जाऊन उभे राहा. सिग्नल हिरवा झाल्यापासून लाल होईपर्यंतचे सेकंद मोजा आणि रस्त्याची रुंदी पावलांनी मोजा. बऱ्याच ठिकाणी सिग्नलचा वेळ सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस धरून ठरवलेला असतो. १४ मीटर रुंद रस्ता तो १२ सेकंदांत ओलांडतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वडिलांना त्यालाच साडेसतरा सेकंद लागतात. उरलेले साडेपाच सेकंद ते गाड्यांच्या समोर असतात. मधोमध थांबायला उंचवटा नसेल तर दोन-चार अनुभवांनंतर वृद्ध माणसं पलीकडे जाणंच बंद करतात, आणि घरच्यांना वाटतं की त्यांना बाहेर पडायचा कंटाळा आलाय.

रहदारीचा परिणाम ओळखीपाळखीवरही होतो. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांची पाहणी केली. दिवसाला २,००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक रहिवाशाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते, १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही धड नाही, सरासरी ०.९. जिथे कुणीच ओळखीचं नाही तिथे हा फरक लहान समजू नका. मुख्य रस्त्याला लागून असलेल्या इमारतीपेक्षा दोन गल्ल्या आतली इमारत घ्या, थोडी जुनी असली तरी चालेल.

भाग बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. त्या वेळी सगळेच भाग छान दिसतात. कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ आणि रात्री साडेदहानंतर, अशा तीन फेऱ्या हव्यात. संध्याकाळी पाच-साडेपाचला वडिलांच्या वयाची किती माणसं बाहेर बसली आहेत ते मोजा, आणि थोरल्याच्या वयाची किती मुलं मोठ्यांशिवाय फिरताहेत तेही. रात्री झोपण्याच्या खोलीच्या बाजूला उभं राहून दहा मिनिटं ऐका. फोनवरचं आवाज मोजणारं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला पुरतं. रस्त्यावरच्या रहदारीचा रात्रीचा आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सुचवलं होतं. शहरात तेवढी शांतता मिळणं कठीण, म्हणून निदान झोपण्याच्या खोल्या मागच्या बाजूला हव्यात. शेजारी मोकळा प्लॉट दिसला तर तिथे काय मंजूर आहे ते नगररचना कार्यालयात बघा. ‘समोर मोकळं आहे’ म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि मग दोन-तीन वर्षं ड्रिलिंग ऐकायचं, असं होऊ शकतं.

पाणी साचण्याबद्दल भिंती माणसांपेक्षा खरं बोलतात. ओळीने चार-पाच इमारतींच्या कंपाउंडवर एकाच उंचीला ओलीचा पट्टा किंवा रंगाची पोपडी दिसते का? एकाच घरात असेल तर नळ गळत असेल, सगळीकडे एकाच रेषेत असेल तर ती पाण्याची खूण आहे. तळमजल्यावरच्या दुकानांचे उंबरे नंतर वाढवलेले दिसतात का, विजेचे मीटर मुद्दाम वर चढवलेत का, पार्किंगच्या तोंडाशी नवी बुटकी भिंत आहे का, तेही पाहा. आणि तळमजल्यावरच्या माणसाला ‘इथे पाणी भरतं का?’ असं विचारू नका, लगेच ‘नाही’ येतं. ‘गेल्या वेळी पाणी कुठवर आलं होतं?’ असं विचारा, तो बोटाने दाखवतो. भाग उत्तम असूनही ही खूण दिसली तर मी तो सोडेन.

वडिलांसाठी रुग्णालय किती जवळ यापेक्षा रात्री २ वाजता तिथे डॉक्टर असतो का, हे विचारा. इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे दोन प्रश्न घर बघतानाच उरकून घ्या.

भाग निवडताना गुणांचा तक्ता करून बेरीज करू नका. बेरजेत सुंदर बाग दीड तासाच्या प्रवासाला झाकून टाकते. त्याऐवजी चार-पाच अटी ठरवा आणि एक जरी मोडली तरी तो भाग यादीतून काढा. उरलेल्या दोन-तीन भागांत मग भाड्याची तुलना करा, तीही नुसत्या भाड्याची नको. भाडे, देखभाल, प्रवासखर्च, शाळेची बस आणि दुसरी गाडी घ्यावी लागली तर तिचा महिन्याचा खर्च, असं सगळं मिळवा. लांबचं स्वस्त घर बहुतेकदा इथेच महाग ठरतं. ऑफिसमधल्या सहकाऱ्याने सुचवलेल्या भागाबद्दल आधी त्याच्या घरात कोण कोण आहे ते विचारा. एकट्या माणसाला आवडलेली जागा तुमच्या वडिलांच्या कामाची असेलच असं नाही.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. करारात एक-दोन महिन्यांच्या सूचनेवर सोडण्याची मुभा लेखी घ्या. न पाहिलेल्या घरासाठी अनामत पाठवू नका, ‘दुसरं गिऱ्हाईक आज येतंय’ असं कितीही सांगितलं तरी. स्वतः जाणं शक्यच नसेल तर घरातल्या नळापासून इमारतीच्या दारापर्यंत आणि तिथून बसच्या थांब्यापर्यंत चालत एकसलग व्हिडिओ कॉल करायला सांगा, आणि मालकाची ओळख व मालकीची कागदपत्रं बघून मगच पैसे द्या.

शेवटी दोन भाग उरले की एका शनिवारी सकाळी सगळ्यांना घेऊन जा. वडिलांना घरापासून बागेतल्या बाकापर्यंत त्यांच्या गतीने जाऊ द्या, तुम्ही दहा पावलं मागे राहा. थोरल्याला शाळेपर्यंतची वाट दाखवा आणि परत येताना त्याला पुढे चालायला सांगा. कोणत्या चौकात तो थांबून तुमच्याकडे बघतो, ते लक्षात ठेवा.