सळई कुठे आहे, ते बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर भेटलीस तेव्हा घाईत होतीस. जाता जाता विचारलंस, "सर, सळयांचं ड्रॉइंग डिझायनरनं काढून दिलंय, फिटर सळया बांधतोय, मग मी तिथं उभं राहून नेमकं काय बघू?" मी 'नंतर बोलू' म्हणालो. पुढच्या आठवड्यात तुझा पहिला स्लॅब आहे आणि मी तुला असं मोकळ्या हातानं पाठवलं, हे मनाला लागून राहिलं. म्हणून लिहितोय.

जमलं तर या रविवारी खिद्रापूरला जाऊन ये. तिथल्या कोपेश्वराच्या दगडी देवळात, स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत. लोक कोरीवकाम बघतात. तू खांबांमधलं अंतर बघ. दोन खांबांवर टेकलेली दगडी तुळई वरच्या अंगाला दाबली जाते आणि खालच्या अंगाला ताणली जाते. दगड दाब भरपूर सोसतो, ताणाला मात्र लगेच तडकतो. त्यामुळे दगडात बांधायचं तर तुळई आखूड आणि खांब जवळजवळ. काँक्रीट म्हणजे आपण ओतून केलेला दगडच. त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. जिथं ताण येतो तिथं सळई घालायची आणि तो ताण तिच्यावर सोपवायचा. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्यानं सिमेंटच्या कुंड्या टिकाव्यात म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये पेटंट घेतलं. आपलं सगळं आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट, त्याच वाटेवरचं.

ही जोडी जमली त्याचं मला अजून अप्रूप वाटतं. पोलाद आणि काँक्रीट उन्हानं जवळपास सारखंच फुगतात. तसं नसतं, तर एप्रिलमध्ये दिवसा तापून रात्री निवणाऱ्या आपल्या गच्च्यांत दोघांची पकड कधीच सुटली असती.

आता तुझा प्रश्न. सळई किती एमएमची, किती अंतरावर, हे मोजशीलच, ते कुणीही मोजतं. तू बघायचं ते सळईची जागा.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगतो. एका घराची चार फूट बाहेर काढलेली गॅलरी होती. गॅलरी म्हणजे एका बाजूनं धरलेली फळी. टोक खाली झुकायला बघतं, म्हणजे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच लागते. आदल्या संध्याकाळी मी तपासलं, सगळं बरोबर होतं. सकाळी काँक्रीटचा माल पडायला सुरू झाला, पाट्या घेऊन माणसं त्याच सळयांवरून ये-जा करू लागली, आणि खाली खुर्च्या, म्हणजे वरच्या सळया उचलून धरणारे आधार, पुरेशा नव्हत्या. सळया दबून तळाला गेल्या. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला सिमेंटच्या गोण्या मोजत होतो. काँक्रीट पक्कं झाल्यावर टेकू काढायला लागलो तशी भिंतीलगत वरून भेग उमटली आणि टोक खाली आलं. टेकू परत लावले, गॅलरी तोडली. कुणाला लागलं नाही. पण सळई पूर्ण होती, वजनाला एक किलोसुद्धा कमी नव्हती. फक्त चार इंच खाली होती. चूक माझी होती, कारण बघायचं काम माझं होतं.

म्हणून माल पडत असताना गॅलरीपाशी उभी राहा. चालायला फळ्या टाकायला लाव. खुर्च्या हातानं हलवून बघ.

दुसरं, कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरच्या अंगाला राहणारी काँक्रीटची जाडी. स्लॅबला किमान २० एमएम, कॉलमला ४०, फुटिंगला, म्हणजे पायाला, ५०. ही जाडी राखायला सळईखाली ठेवतात त्या कव्हर ब्लॉकऐवजी कुणी खडी किंवा फरशीचा तुकडा सरकवत असेल तर तिथल्या तिथं काढायला लाव. काँक्रीटमधला अल्कलीपणा लोखंडाला गंजू देत नाही. पण हवा आणि ओल वर्षानुवर्षं आत झिरपत जाते आणि तो अल्कलीपणा मरतो. मग गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो आतून काँक्रीट फोडतो. आपल्याकडच्या पावसात संडास-बाथरूमच्या खालच्या स्लॅबचे पोपडे पडून काळ्या-तांबड्या सळया दिसतात ना, तिथं बहुतेक वेळा कव्हर अर्धा इंचही नसतं. लोक वरून प्लॅस्टर मारतात. दोन पावसाळ्यांत ते पुन्हा पडतं.

रिंगांबद्दल, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या वाकवलेल्या सळयांबद्दल, थोडक्यात. रिंगेचं टोक ९० अंशांत वाकवून सोडलेलं असेल तर भूकंपात कव्हर उडाल्यावर ती उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. हूक १३५ अंशांत, आत वळलेला हवा. बीमजवळ कॉलमच्या रिंगा दाट हव्यात, आणि फिटर नेमका तिथंच कंटाळतो, कारण हात शिरत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. कोयना आपल्यापासून लांब नाही, एवढं ध्यानात ठेव.

फिटरशी बोलताना मात्र आवाज चढवू नकोस. तो तुझ्या वयाएवढी वर्षं सळया वाकवतोय. 'मामा, ही वर का लागते?' असं विचार. त्याला माहीत असेल तर तू शिकशील, नसेल तर दोघं मिळून ड्रॉइंग उघडा. ज्याला कारण कळलं, तो पाठ फिरवल्यावरही खुर्ची काढत नाही.

तुझ्या साइटलाही गॅलरी आहे, ड्रॉइंगमध्ये बघितली. तिचं स्टील बांधून झालं की कळव. माल सुरू व्हायच्या आधी मी येतो.

तुझा,
सर