नळीचे हाड, कडक भाकरी आणि कुत्र्याचे दात

प्रश्न : आमच्याकडे साडेचार वर्षांचा कारवानी जातीचा कुत्रा आहे. काही महिन्यांपासून त्याच्या तोंडाला वास येतो आणि वरच्या दाढांवर तपकिरी थर दिसतो. माझे सासरे त्याला रविवारी मटणातली शिजलेली नळी आणि एरवी कडक भाकरीचा तुकडा देतात. त्यानेच दात साफ राहतात, असे त्यांचे म्हणणे आहे. दुकानदाराने मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून हरणाचे शिंग, याकच्या दुधाची कांडी आणि चामड्याच्या गाठी दाखवल्या. यांतले काय द्यावे?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आपण वर्णन केलेला तपकिरी थर म्हणजे कीटण आहे आणि तो आता चघळण्याच्या कोणत्याही वस्तूने निघणार नाही. दात स्वच्छ केल्यावर 24 तासांच्या आत त्यावर जंतूंचा मऊ, चिकट पापुद्रा पुन्हा बसू लागतो. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षार त्यात मुरून दोन-तीन दिवसांत त्याचे कीटण होऊ लागते. वरच्या मोठ्या दाढेसमोरच लाळेच्या नलिका उघडतात, म्हणून ते तिथे सर्वांत आधी साचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वास दाताच्या दिसणाऱ्या भागापेक्षा हिरडीखाली चाललेल्या संसर्गाचा असण्याची शक्यता अधिक असते. तेव्हा आधी पशुवैद्यकांकडून तोंड तपासून घ्यावे. हिरडीखालची सफाई पूर्ण भूल देऊनच करावी लागते, आणि कारवानीसारख्या सडपातळ, अंगावर चरबी नसलेल्या शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधे दीर्घकाळ अंगावर राहतात, म्हणून जात आवर्जून सांगावी.

आता चघळण्याविषयी. पापुद्रा घासला जातो तो दात वस्तूत रुतून बाहेर येताना. वस्तू जितकी टणक तितके दात स्वच्छ, हा समज नेमका इथे फसतो, कारण टणक वस्तूत दात रुततच नाही.

आपल्याकडची कडक भाकरी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ती दाढेखाली आली की कडकन मोडते. तुकडा दाताच्या टोकाशीच फुटतो आणि हिरडीजवळचा भाग, जिथे पापुद्रा खरोखर असतो, तसाच राहतो. उलट ज्वारीचे पीठ लाळेत भिजून दाढांच्या फटीत बसते. भाकरी खाणे म्हणून थोडी द्यायला हरकत नाही, मात्र तिला शेंगाचटणी लागलेली नसावी. त्यातला लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो.

नळी मात्र आजपासून बंद करावी, सासरेबुवांची समजूत काढावी लागली तरी. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार फाळ्या निघतात. त्या घशात, आतड्यात रुततात. कच्च्या हाडाने कीटण कमी होते हे खोटे नाही, परंतु त्यापायी वरची मोठी कातरदाढ उभी चिरते आणि आतली नस उघडी पडते. कुत्रा अनेकदा जेवत राहतो, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. डोळ्याखाली गळू आल्यावर दाढ काढण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

शिंगाचा धोका हाच आहे. याकच्या दुधाची कांडी, म्हणजे हिमालयातली छुर्पी, पचायला बरी असली तरी सुरुवातीला दगडासारखी असते. दुकानातच अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नखाचा वण उमटत नसेल, तर ती वस्तू घरी आणू नये. चामड्याच्या गाठी नख घेतात, पण भिजून फुगतात, आणि सुटलेला लांब तुकडा गिळला गेल्यास घसा किंवा आतडे तुंबते. वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दातून दातांना फायदा होतो की नाही हे मुळीच कळत नाही. त्यासाठी ‘व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल’ या संस्थेची मोहर पाहावी. 1997 पासून ही संस्था चाचण्यांचे निष्कर्ष तपासूनच ती देते.

सफाईनंतर अशी मोहर असलेली, लवचीक आणि तोंडात एकदम न मावणारी कांडी रोज एक द्यावी. तिच्यासह सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. कुत्रा चघळत असताना कोणीतरी समोर बसावे. तरीही कांडी मुख्यतः मागच्या दाढांवर काम करते, सुळे आणि पुढचे दात तसेच राहतात; तिथे ब्रशला पर्याय नाही. ब्रश सहन होईपर्यंत आपल्या सोलापुरी टेरी नॅपकिनचा ओला कोपरा बोटाला गुंडाळावा, ओठ वर उचलून दातांची बाहेरची बाजू हिरडीच्या कडेने रोज अर्धा मिनिट पुसावी. माणसांची टूथपेस्ट कदापि वापरू नये. काहींत झायलिटॉल असते आणि ते कुत्र्याला विषारी आहे.

प्रश्न : शेतातला ऊस सोलून कुत्र्याला चघळायला दिला तर चालेल का?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : देऊ नये. कुत्र्याची लाळ अल्कधर्मी असल्याने त्याचे दात आपल्याइतके किडत नाहीत, त्यामुळे साखरेपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे: आपण चोथा थुंकतो, कुत्रा तो गिळतो, आणि चिवट तंतूंचा गोळा आतड्यात अडकू शकतो. उन्हाळ्यात त्याऐवजी जाडसर गाजर गार करून द्यावे. दातांना त्याचा लाभ माफकच, पण नख त्यात सहज रुतते.