शंका-समाधान: एकच फंक्शन, अनेक स्क्रिप्ट

प्रश्न: पीक-प्रयोगांच्या विश्लेषणासाठी मी आर ही संगणकभाषा वापरते. प्लॉटचं किलोमधलं उत्पादन क्विंटल प्रति हेक्टरमध्ये बदलणारं फंक्शन प्रत्येक स्क्रिप्टमध्ये कॉपी-पेस्ट करते. आता एका प्रयोगाची उत्तरं हाताने काढलेल्या आकड्यांशी जुळत नाहीत. फंक्शन तर तेच आहे!

उत्तर: गोची तिथेच आहे. तुमच्या फंक्शनला फक्त वजन दिलं जातं, प्लॉटचं क्षेत्रफळ ते बाहेरून उचलतं. फंक्शनच्या आत एखादं नाव सापडलं नाही, तर आर ते बाहेर, म्हणजे ग्लोबल एन्व्हायर्नमेंटमध्ये (चालू सेशनमधल्या सगळ्या नावांच्या साठ्यात) शोधतो. पहिल्या प्रयोगात प्लॉट ४.५ × ३ मीटर, म्हणजे १३.५ चौरस मीटरचा होता. त्यात ४.२ किलोचे हेक्टरी ३१.१ क्विंटल होतात. दुसऱ्या प्रयोगाचा प्लॉट १९.४४ चौरस मीटरचा. तिथे तेवढ्याच वजनाचे २१.६ यायला हवेत, पण त्याच सेशनमध्ये जुनं क्षेत्रफळ शिल्लक असल्याने पुन्हा ३१.१ आले. एररही नाही, वॉर्निंगही नाही.

म्हणून क्षेत्रफळ हे फंक्शनचं आर्ग्युमेंट, म्हणजे दर वेळी बाहेरून द्यायची किंमत, करा, आणि त्याला डीफॉल्ट किंमत देऊ नका. दिलीत तर विसरल्यावर तीच चूक परत होईल. न दिल्यास आर तिथल्या तिथे थांबतो. बाहेरून आणखी काय उचललं जातंय ते पाहायला कोडटूल्स या पॅकेजमधलं (पॅकेज म्हणजे तयार फंक्शन्सचा संच) ‘फाइंडग्लोबल्स’ वापरा. त्यात ‘मर्ज’ला ‘फॉल्स’ दिलं की फंक्शन्स आणि व्हेरिएबल्सच्या वेगळ्या याद्या मिळतात. व्हेरिएबल्सच्या यादीत तुमच्या डेटाचं नाव दिसलं, तर ते फंक्शन अजून दुसरीकडे नेण्याजोगं झालेलं नाही.

एवढं झाल्यावरच फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये हलवा आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सोर्स’ने ती फाइल वाचा. त्या फाइलमध्ये फक्त व्याख्या असाव्यात. डेटा वाचणं, कामाचं फोल्डर बदलणारं ‘सेटडब्ल्यूडी’, वर्कस्पेस (सेशनमध्ये साठलेल्या वस्तू) साफ करणारी ‘आरएम’ची ओळ यातलं काहीही नको, कारण सोर्स केल्याबरोबर तेही चालतं.

प्रश्न: माझ्या संगणकावर सोर्स चालतं, सहकाऱ्याकडे ‘फाइल उघडता येत नाही’ असं येतं. कधी माझ्याकडेच फंक्शन सापडत नाही.

उत्तर: पहिल्या तक्रारीचं कारण पूर्ण पत्ता, म्हणजे सी ड्राइव्हपासूनचा. आरस्टुडिओ या आरसाठीच्या संपादकात प्रोजेक्ट करा आणि ‘हिअर’ पॅकेजने प्रोजेक्टच्या मुळापासूनचा पत्ता द्या. विंडोजवर उलटी तिरकी रेघ पत्त्यात तशीच लिहू नका. आर तिला एस्केप, म्हणजे पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारी खूण, समजतो. सरळ तिरकी रेघ सगळीकडे चालते.

फंक्शन सापडत नसेल, तर सोर्सनंतर कुठेतरी सगळ्या वस्तू पुसणारी ‘आरएम’ची ओळ आहे का, ते पाहा. ती डेटाबरोबर फंक्शन्सही पुसते. याच्या उलट त्रास जास्त फसवा: जुनी वर्कस्पेस आपोआप उघडते आणि बदललेल्या फंक्शनऐवजी मागच्या महिन्यातलंच चालत राहतं. आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये वर्कस्पेस परत आणण्यासमोरची खूण काढून टाका, जतन करण्यासमोर ‘नेव्हर’ निवडा. निकाल पाठवण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एफ१० दाबून आर नव्याने सुरू करा आणि स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवा.

प्रश्न: चार-पाच फंक्शन्ससाठी पॅकेज करणं अती नाही का?

उत्तर: एकाच प्रोजेक्टपुरती असतील तर अती आहे, सोर्स पुरे. तीच फंक्शन्स दुसऱ्या प्रोजेक्ट-फोल्डरमध्ये कॉपी करायची वेळ आली, की पॅकेज करा. ‘यूजदिस’मधल्या ‘क्रिएट पॅकेज’ने सांगाडा मिळतो. फंक्शन्स त्यातल्या ‘आर’ फोल्डरमध्ये ठेवा, काम चालू असताना ‘डेव्हटूल्स’चं ‘लोड ऑल’ वापरा, शेवटी इन्स्टॉल करा.

नवखे अडतात ते दुसरं पॅकेज वापरात आणणाऱ्या ‘लायब्ररी’च्या ओळीवर. ती पॅकेजच्या फाइलमध्ये लिहिली तर पॅकेज बांधतानाच चालते, वापरणाऱ्याच्या सेशनमध्ये नाही. मग ‘डीप्लायर’ पॅकेजचं, ओळी गाळणारं ‘फिल्टर’ अपेक्षित असताना आर ‘स्टॅट्स’मधलं त्याच नावाचं, कालमालिकेसाठीचं फंक्शन पकडतो आणि कॉलम सापडत नाही म्हणतो. त्याऐवजी ‘यूज पॅकेज’ने अवलंबित्व नोंदवा आणि कोडमध्ये पॅकेजचं नाव, दोन अपूर्णविराम (::), मग फंक्शन असं लिहा. फंक्शनचं गणित बदललं की ‘डिस्क्रिप्शन’ फाइलमधला आवृत्ती क्रमांकही वाढवा, आणि कोणते तक्ते कोणत्या आवृत्तीने काढले ते प्रबंधात नोंदवा.