न वाजणारा टेपरेकॉर्डर

जुनी खेळणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझे मामा मस्कतला नोकरीला होते. १९८६ च्या गणपतीत ते आले तेव्हा माझ्यासाठी निळा, छोटा टेपरेकॉर्डर घेऊन आले. उलगडला की त्याचा माणूस होतो. आजीने त्यात अभंगांची कॅसेट बसवायची बरीच खटपट केली होती. परवा माळा आवरताना तो सापडला. सोबत एक कॅसेट आहे, तिचा लाल पक्षी होतो. पुढच्या दाराला तडा गेलाय, हातातली बंदूक आणि खांद्यावरची तोफ हरवली आहे. पुतण्या म्हणतो लाखात जाईल, ही म्हणते भंगारात द्या. खरं काय? आणि तडा फेविक्विकने चिकटवू का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी ते फेविक्विक खाली ठेवा, बाकीचं मग बोलू. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसली की साय धरल्यासारखा पांढरा थर येतो. एका खेळण्यातल्या गाडीची काच मी स्वतः अशीच आंधळी करून बसलोय. तडा आहे तसा राहू द्या. स्टिकरांना पाणी लावू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, पुरे.

तुमच्या पाहुण्याचं नाव साउंडवेव्ह. अमेरिकेतल्या हॅसब्रोने १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून तो विकला, पण माहेर जपानचं. टाकारा कंपनीच्या मायक्रोमॅन या खेळण्यांत १९८३ मध्ये ‘मायक्रो चेंज’ म्हणून एक मालिका निघाली, त्यातला हा ‘कॅसेट मॅन’. कल्पना फार गोड होती : बोटाएवढे वीर पोराच्या खोलीतच वावरतात आणि टेबलावरच्या वस्तूच त्यांचे यंत्रमानव होतात. पिस्तूल, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, टेपरेकॉर्डर. म्हणून या वस्तू खऱ्याच्या मापाच्या. बाकी आजींचं काही चुकलं नाही. यात बसते ती मायक्रोकॅसेट, साहेबलोक पत्रं सांगायच्या यंत्रात वापरायचे तसली. आपली अभंगांची कॅसेट त्याहून बरीच मोठी.

आता बंदूक आणि तोफ. हरवली म्हणताय, पण मागचा बॅटरीचा कप्पा उघडून पाहिलात का? या दोन्ही वस्तू घडी घातल्या की पेन्सिल सेल होतात आणि त्या कप्प्यात जातात. कोणी नकली सेल समजून फेकले नसतील तर अजून तिथेच असतील. मी ३१ वर्षं भोसरीत टूलरूममध्ये डाय, म्हणजे साचे, बनवले. सुटा भाग कुठे ठेवायचा, हा प्रश्न त्या डिझायनरने असा सोडवलेला पाहिला आणि त्या दिवसापासून मी या खेळण्यांच्या नादी लागलो. लोक म्हणतात बालपण आठवतं म्हणून जमवतो. असेल. मला तरी इजेक्ट बटण दाबल्यावर दार उघडतं, तेच दार पुढे छाती होतं, हे बघत बसावंसं वाटतं.

तुमच्या पत्रात आणखी एक गंमत दडली आहे. साउंडवेव्हच्या खोक्यात येणारा पक्षी काळा-सोनेरी, बझसॉ नावाचा. लाल पक्षी म्हणजे लेझरबीक, आणि तो वेगळ्या जोडीत मिळायचा, फ्रेंझीबरोबर. म्हणजे मामांनी एक नाही, दोन पाकिटं आणली असणार, आणि बझसॉ व फ्रेंझी घरात कुठेतरी पडलेत किंवा एखाद्या मावसभावाने लांबवलेत. फ्रेंझीची कॅसेट निळी, तिचा छोटा माणूस होतो. (कार्टूनमध्ये मात्र फ्रेंझी लाल आणि त्याचा जोडीदार रंबल निळा. त्यावरून संग्राहक आजही हमरीतुमरीवर येतात.)

अस्सल की नक्कल? टाकाराचं नाव आणि साल कोरलेलं शोधा, पण त्यावरच विसंबू नका, कोरीव अक्षरंही चोरता येतात. खेळण्यावरूनच साचा घेऊन केलेली नक्कल थंड होताना आकसते. एबीएस प्लास्टिक साधारण अर्धा टक्का आकसतं, म्हणजे १०० मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर. अस्सल नग शेजारी ठेवून व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) लावला की चोरी पकडली जाते. डोळ्यांनाही कळतं, कडा बोथट होतात, बारीक रेघा बुजतात. अंगावर काळा चौकोन असेल आणि बोट घासल्यावर त्यात चिन्ह उमटत असेल, तर माल १९८५ चा किंवा त्यानंतरचा. नसेल तर १९८४ ची पहिली खेप असू शकते. पण नुसता स्टिकर गळूनही पडलेला असतो, तेव्हा चिकटवल्याची खूण पाहा.

आकडा मी पत्रावरून सांगत नाही. एवढं नक्की की दाराला तडा, खोका नाही, थर्माकोलचा साचा नाही, अशा नगाला लाख द्यायला कोणी येणार नाही. पुतण्याने ज्याचे भाव पाहिलेत तो न उघडलेला खोका असणार. आणि भंगारात द्यायचा असेल तर आधी मला फोन.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर्स भारतातही बनत होते, हे खरं का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : खरं आहे. हॅसब्रो आणि एमआरएफ यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल सुरू केली, कारखाना तुमच्याच गोव्यात. परदेशी संग्राहक भारतीय खोक्यातले नग मुद्दाम शोधतात. अमेरिकन खोक्यांच्या मागे गुणांची कूपनं कापून साठवायची सोय होती, म्हणून त्यांना बहुधा भोक पडलेलं असतं. तुमच्याकडे कसलाही खोका असेल, कापलेला असला तरी, टाकू नका. लाल पारदर्शक पट्टी मिळाली तर तीही ठेवा, खोक्यावरची लपवलेली माहिती तिच्यातूनच वाचता येते.